संग्रहालये उभारणारा राजा

थोर पुरुषाचे चरित्र वाचावयाचे म्हणजे ग्रंथ उघडावयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु काही पुरुषांची चरित्रे दगडाविटांत, चित्रांत आणि काचेच्या कपाटांतही लिहिलेली असतात. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड हे अशांपैकी एक होत. सुट्टीत दोन दिवसांसाठी वडोदऱ्यास येणारे पाहुणे लक्ष्मीविलास राजवाडा पाहतात, बाजारात एक फेरी मारतात आणि शहर पाहून झाले असे समजून परत जातात. आपण तर येथले रहिवासी! घरात कोकणी, शेजारी गुजराती आणि शाळेत मराठी अशा तीन भाषांत वाढणारी आपल्यापैकी कित्येक मुले नित्य अकोट्याचा पूल ओलांडून शहरात जातात. पण या राजाने आपल्यासाठी काय साठवून ठेवले आहे, हे पाहण्यास त्यांची पावले क्वचितच वळतात. म्हणून महाराजांचे चरित्र सांगताना त्यांच्या संग्रहालयांचीही वाट दाखवावी, असा या लेखाचा हेतू आहे.

महाराजांच्या पूर्वीचे वडोदरे कसे होते, याची कल्पना यावयाची असेल तर प्रथम तांबेकरांच्या वाड्यात जावे. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात गायकवाडांचे दिवाण होते. त्यांचा लाकडी वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या भिंती एकोणिसाव्या शतकातील रंगीत चित्रांनी भरलेल्या आहेत. त्यांत श्रीकृष्णाच्या लीला आहेत, महाभारतातील प्रसंग आहेत, आणि मराठे व इंग्रज यांच्या लढायाही आहेत. वैभव होते, रसिकता होती. परंतु ते सारे सरदार-दरकदारांच्या घरात होते. बाहेरच्या रयतेला ना शाळा होती, ना शुद्ध पाणी, ना सुखाचा न्याय. खंडेराव महाराज १८७० साली निवर्तले. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या मल्हाररावांच्या कारभाराविषयी तक्रारींचा डोंगर उभा राहिला आणि १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि गायकवाडांच्या दूरच्या शाखांत योग्य मुलाचा शोध सुरू झाला.

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे काशीराव गायकवाड शेती करून राहत असत. त्यांचा मुलगा गोपाळराव याचा जन्म १८६३ च्या मार्च महिन्यातला. घराण्याचे नाव राजाचे असले तरी घर शेतकऱ्याचे होते. गोपाळराव गुरे राखी, शेतात राबे. अक्षरओळख त्यास नव्हती. मुलांना वडोदऱ्यास आणल्यावर प्रत्येकास येथे कशासाठी आलास असे विचारण्यात आले, तेव्हा इतर मुले गोंधळली आणि गोपाळरावाने मात्र आपण राज्य करावयास आलो आहोत असे निःशंकपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. ती किती खरी हे सोडून द्या. परंतु १८७५ च्या मे महिन्यात जमनाबाईंनी त्यालाच दत्तक घेतले आणि बारा वर्षांचा गोपाळराव सयाजीराव झाला, हा इतिहास आहे.

विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या वयात तुम्ही पाचवी-सहावीची पुस्तके सहज वाचता, त्या वयात हा मुलगा मुळाक्षरे गिरवावयास बसला. एलियट नावाचे इंग्रज गृहस्थ त्याचे शिक्षक होते, आणि राज्याचा कारभार राजा सर टी. माधवराव हे अनुभवी दिवाण पाहत होते. मराठी, गुजराती, इंग्रजी व उर्दू या भाषा, शिवाय गणित, इतिहास, कायदा, व्यायाम आणि घोडेस्वारी असा भरगच्च अभ्यासक्रम आखलेला होता. सोबतचे सवंगडी पुढे होते, भाषा परक्या होत्या, आई-वडील दूर होते. तरीही सहा वर्षांत या मुलाने एवढी मजल मारली की २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, राज्याची सर्व सूत्रे त्याच्या हाती देण्यात आली. उशिरा मिळालेल्या विद्येची किंमत त्यांना पुरेपूर कळली होती, असे त्यांचे पुढील आयुष्य पाहिले म्हणजे वाटते. जे आपणांस बाराव्या वर्षापर्यंत मिळाले नाही, ते आपल्या राज्यातील एकाही मुलास न मिळता राहू नये, हाच ध्यास त्यांनी घेतला होता.

राज्यारोहणाच्या त्या समारंभास केरळातून एक चित्रकार आला होता. त्याचे नाव राजा रविवर्मा. माधवरावांच्या ओळखीने आलेल्या या कलावंतास महाराजांनी जवळ केले. पुढे १८८८ साली महाराजांनी त्यांच्याकडे रामायण-महाभारतादी ग्रंथांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढण्याचे काम सोपविले. ती तयार झाल्यावर राजवाड्यात नेऊन बंद करण्यात आली नाहीत. प्रथम ती सर्वसामान्य लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली आणि ती पाहावयास लोकांची झुंबड उडाली. पुढे रविवर्म्यांची चित्रे छापखान्यातून निघून घरोघर देव्हाऱ्याशेजारी लागली, हे आपणांस ठाऊक आहेच. मूळ रंगीत चित्रे पाहावयाची असतील तर राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जावे. राजकुलातील मुलांच्या शाळेसाठी बांधलेल्या इमारतीत हे संग्रहालय १९६१ पासून आहे. तेथील रविवर्म्यांच्या चित्रांसमोर शांतपणे अर्धा तास उभे राहिले, तर कॅलेंडरावरील चित्र आणि मूळ चित्र यांतील अंतर डोळ्यांना आपोआप कळते. वस्त्राची झळाळी, डोळ्यांतील पाणी, दागिन्यावरचा प्रकाश हे छापात उतरत नाही.

राज्यकारभाराच्या आरंभीच महाराजांवर दुःखाचा घाला पडला. तंजावरकडील घराण्यातून आलेल्या त्यांच्या पहिल्या पत्नी महाराणी चिमणाबाई १८८५ मध्ये वारल्या. त्याच वर्षी त्यांचा दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या महाराणींचे नावही चिमणाबाईच ठेवण्यात आले. कामाचा ताण आणि मनाचा क्लेश यांमुळे महाराजांना निद्रानाश जडला. वैद्यांनी हवापालटाचा सल्ला दिला, आणि १८८७ साली महाराज प्रथमच युरोपास गेले. समुद्रपर्यटनाने धर्म बुडतो अशी समजूत त्या काळी प्रबळ होती. सनातनी मंडळींचा रोष पत्करून ते गेले, आणि पुढे अनेकदा जात राहिले.

प्रवासी दोन प्रकारचे असतात. एक करमणूक करून परत येतो; दुसरा आपल्या घरी काय नाही ते पाहून येतो. महाराज दुसऱ्या प्रकारचे होते. परदेशातील शाळा, ग्रंथालये, कारखाने, रुग्णालये आणि संग्रहालये ते बारकाईने पाहत, टिपणे करीत आणि आपल्या राज्यात यांतील काय रुजेल याचा विचार करीत. १८८७ याच वर्षी वडोदऱ्याच्या संग्रहालयाची मुहूर्तमेढ रोवली गेली. जागा निवडली ती विश्वामित्रीच्या काठावरील सार्वजनिक बागेत, म्हणजे ज्या बागेस आपण सयाजी बाग किंवा जुन्या नावाने कमाटी बाग म्हणतो तेथे. राजवाड्याच्या कोटात नव्हे, तर जेथे कोणीही फिरावयास येतो तेथे हे संग्रहालय उभे राहिले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लक्ष्मीविलास राजवाडा पूर्णत्वास नेणारे स्थापत्यविशारद चिझम यांचाच या इमारतीतही हात होता. १८९४ साली ती पूर्ण झाली आणि लोकांसाठी खुली करण्यात आली.

त्या काळी लोक अशा जागेस अजबखाना म्हणत. नाव चुकीचे नव्हते. इजिप्तमधील हजारो वर्षांपूर्वीची ममी, जपान, चीन, तिबेट व नेपाळ येथील कलाकुसर, पेंढा भरलेले प्राणी व पक्षी, खनिजे, नाणी, शस्त्रे, मोगल व राजपूत शैलींची लघुचित्रे असे नाना प्रकारचे पदार्थ तेथे एका छपराखाली आले. परंतु केवळ नवल वाटावे एवढाच हेतू त्यामागे नव्हता. ज्या मुलास मुंबईदेखील पाहावयास मिळणे दुरापास्त, त्यास इजिप्त आणि जपान येथेच पाहता यावे, असा तो विचार होता. संग्रहालय ही न बोलणारी शाळा आहे. तेथे वर्ग नाहीत, परीक्षा नाहीत आणि कोणी नापासही होत नाही.

ही एकच शाळा नव्हती. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली संगीताची शाळा निघाली. १८९० मध्ये कलाभवन निघाले; तेथे सुतारकाम, रंगकाम, यंत्रविद्या असे उद्योग शिकविले जात. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू करण्यात आला. याच वर्षी महाराज अमेरिकेस गेले होते. तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते इतके प्रभावित झाले की बॉर्डन नावाच्या ग्रंथालयतज्ज्ञास त्यांनी १९१० मध्ये वडोदऱ्यास आणविले. मध्यवर्ती ग्रंथालय निघाले, गावोगाव वाचनालये निघाली, आणि जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. मराठी-गुजरातीत मुलांसाठी ज्ञानाची पुस्तके निघावीत म्हणून श्रीसयाजीबालज्ञानमाला सुरू झाली. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीतील काचेच्या जमिनी आणि लोखंडी मांडण्या आजही पाहण्यासारख्या आहेत.

१९०८ हे वर्ष महाराजांच्या आयुष्यात सुखदुःखाचे विचित्र मिश्रण घेऊन आले. त्या वर्षी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. त्याच वर्षी संग्रहालयाशेजारी चित्रालयाची इमारत बांधण्यास प्रारंभ झाला. आणि त्याच वर्षी त्यांचे ज्येष्ठ पुत्र युवराज फत्तेसिंहराव ऐन तारुण्यात मृत्यू पावले. पहिल्या महाराणींची ती एकुलती एक पुत्ररूप आठवण होती. बांधकाम थांबले नाही. युरोपातील चित्रे मिळविण्यासाठी महाराजांनी स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाचे साहाय्य घेतले. १९१४ मध्ये इमारत पुरी झाली. पण तोच पहिले महायुद्ध पेटले. समुद्र धोक्याचा झाला आणि विकत घेतलेली चित्रे युरोपातच अडकली. सात वर्षे चित्रालय चित्रांची वाट पाहत राहिले. दरम्यान १९१९ मध्ये दुसरे एक पुत्र शिवाजीराव वारले. अखेर १९२१ मध्ये चित्रालय लोकांसाठी उघडले. आणि पुढे दोनच वर्षांनी जयसिंहराव हे तिसरे पुत्रही गेले. ज्याने हजारो मुलांच्या शिक्षणाची सोय केली, त्या पित्याला आपल्या तीन मुलांना निरोप द्यावा लागला. त्या दालनांतून हिंडताना हे स्मरणात ठेवावे, म्हणजे भिंतीवरील सोनेरी चौकटींमागे केवढे धैर्य उभे आहे ते कळेल.

महाराज इंग्रजांचे मांडलिक होते, पण मिंधे नव्हते. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे त्यांनी इतर राजांसारखे यथासांग मुजरे केले नाहीत आणि ते पाठ फिरवून परतले, असा गवगवा झाला. इंग्रजी वृत्तपत्रांनी काहूर उठविले आणि महाराजांना खुलासा करून दिलगिरी कळवावी लागली. स्वाभिमान बाळगणाऱ्या राजाचीही सत्ता किती बांधलेली होती, हे या प्रसंगावरून दिसते.

पण सत्तेची याहून मोठी मर्यादा त्यांच्याच शहरात दिसून आली. ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत, त्या मुलांसाठी महाराजांनी १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच शाळा उघडल्या होत्या. सवर्ण हिंदू शिक्षक तेथे शिकविण्यास धजेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. हे विद्वान १९१७ साली वडोदरा राज्याच्या सेवेत रुजू होण्यास आले, तेव्हा त्यांना राहण्यास घर मिळेना. जेथे ते उतरले होते तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. दुःखाने व्याकूळ होऊन ते कमाटी बागेत एका झाडाखाली बसले. राजाने विद्या दिली, पण नगराने ओसरी दिली नाही. कायदा राजा करू शकतो. माणसांची मने मात्र माणसांनीच बदलावी लागतात. सयाजी बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. संग्रहालय पाहण्यास जाल तेव्हा तेथेही जाऊन या. ती भेट टाळून संग्रहालय पाहणे म्हणजे पुस्तकातील अवघड धडा गाळण्यासारखे आहे.

उत्तरायुष्यातही महाराजांचा उद्योग थांबला नाही. जुन्या संस्कृत पोथ्या संपादून छापण्याचे काम १९१५ च्या सुमारास सुरू झाले आणि १९२७ मध्ये प्राच्यविद्यामंदिर स्थापन झाले. १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. बारा वर्षांचा होईपर्यंत ज्यास अक्षर ठाऊक नव्हते, तो साहित्यिकांच्या मेळाव्याचा अध्यक्ष झाला! राज्यकारभाराच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने खेड्यांच्या सुधारणेसाठी त्यांनी एक कोटी रुपयांचा निधी दिला. पूर्वजांच्या स्मरणार्थ बांधलेले कीर्तिमंदिर १९३६ मध्ये पुरे झाले. त्याच्या भिंतींवर थोर बंगाली चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीराबाईचे जीवन, महाभारतातील युद्ध अशी भित्तिचित्रे रंगविली. तांबेकर वाड्यातील भित्तिचित्रे पाहून मग ही पाहावीत. एका शतकात चित्रकला कोठून कोठे आली हे ध्यानी येते. ते काम पुरे झालेले पाहणे मात्र महाराजांच्या नशिबी नव्हते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. कवळाण्याच्या त्या मुलाने गादीवर त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ काढला होता.

चरित्र येथे संपावयास हवे. परंतु संग्रहालये उभारणाऱ्याचे काम त्याच्यामागूनही चालू राहते. १९४४ मध्ये एक प्रचंड निळा देवमासा मही नदीच्या मुखाकडे वाहून आला. त्याचा सुमारे बहात्तर फूट लांबीचा सांगाडा आज संग्रहालयात आहे. आणि १९५१ मध्ये आपल्या अकोट्यात त्याहूनही मोठे नवल घडले. येथील जुन्या वस्तीच्या जागी जमिनीखाली पुरलेल्या अडुसष्ट जैन धातुमूर्ती सापडल्या. त्यांतील सर्वांत जुन्या मूर्ती सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. डॉ. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अकोट्याचे नाव जगभरच्या कलापंडितांच्या तोंडी झाले.

अकोट्याचे प्राचीन नाव अंकोट्टक. इ. स. ८१२ च्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात वडपद्रक या गावाचे दान नोंदलेले आहे, आणि ते गाव अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक असे म्हटले आहे. वडपद्रक म्हणजेच आजचे वडोदरे. आज अकोटा हे वडोदऱ्याचे एक उपनगर आहे. एके काळी वडोदरे हे अकोट्याचे एक खेडे होते! सापडलेल्या मूर्तींत जीवंतस्वामींची एक मूर्ती आहे. जीवंतस्वामी म्हणजे संसारत्याग करण्यापूर्वीचे, राजपुत्राच्या वेषातील महावीर. मस्तकी मुकुट, अंगावर अलंकार, आणि मुखावर मात्र ध्यानाची शांती. नागीश्वरी नावाच्या एका श्राविकेने ही मूर्ती अर्पण केली, असे तिच्यावरील लेखावरून कळते. राजाचे नाव नव्हे, तर एका साध्या भक्त स्त्रीचे नाव दीड हजार वर्षे टिकले आहे. चामर धरून उभ्या असलेल्या एका स्त्रीची डौलदार मूर्तीही या संचातलीच. ती पाहिल्याखेरीज परतू नये.

आता विचार करा. जमिनीखालून जुनी धातू निघाली की ती मोडीत घालून भांडी करावयाची, ही आपल्याकडील सर्वसामान्य रीत. या मूर्ती निघाल्या तेव्हा त्यांना ठेवावयास घर नसते, त्यांचे मोल जाणणारी माणसे शहरात नसती, तर त्यांचे काय झाले असते? घर होते, कारण चौसष्ट वर्षांपूर्वी एका राजाने त्याचा पाया घातला होता. जाणती माणसे होती, कारण त्याने विद्येच्या संस्था काढल्या होत्या. जे सापडणार आहे हे त्याला ठाऊकही नव्हते, त्याच्यासाठी त्याने जागा करून ठेवली होती. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

महाराजांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि १९५२ पासून तेथे संग्रहालयशास्त्र हा विषयही शिकविला जाऊ लागला. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, येत्या सुट्टीत तुमच्याकडे कोकणातून, गोव्याहून किंवा पुण्याहून पाहुणे आले, तर त्यांना दोन दिवस मागून घ्या. पहिल्या दिवशी तांबेकर वाडा, फत्तेसिंह संग्रहालय आणि कीर्तिमंदिर. दुसरा सबंध दिवस सयाजी बागेतील संग्रहालय, चित्रालय आणि संकल्पभूमी. जाताना वही न्यावी, आणि शंभर वस्तूंवरून नजर फिरविण्यापेक्षा पाचच वस्तू नीट पाहाव्यात; ती कोणी केली, कोठून आली आणि येथवर कशी टिकली, हे प्रत्येकीविषयी विचारावे. राजे गेले, राज्ये विलीन झाली; परंतु त्या दालनांची दारे अजून उघडी आहेत. त्यांत शिरण्यास राजकुळात जन्मावे लागत नाही. शिकण्याची इच्छा असली म्हणजे पुरे, आणि तिला वयाची अट नसते, हे कवळाण्याच्या गोपाळरावाने सिद्ध करून दाखविले आहे.